मालवणचं मत आणि राणेंची कारकीर्द

नोव्हेंबर २००५ मध्ये मालवण विधानसभा मतदारसंघात पोटनिवडणूक झाली आणि शिवसेनेच्या उमेदवाराची अनामत रक्कम जप्त झाली. ऑक्टोबर २०१४ मध्ये त्याच किनाऱ्यावर शिवसेनेचा उमेदवार १० हजार ३७६ मतांनी निवडून आला. दोन्ही वेळा रिंगणातला मुख्य माणूस एकच होता: नारायण तातू राणे. पहिल्या निवडणुकीत त्यांनी आपल्या जुन्या पक्षाला मातीत घातलं, दुसऱ्या निवडणुकीत त्याच पक्षाने त्यांना घरी बसवलं. मधे गेली ती नऊ वर्षं. या नऊ वर्षांत मालवण, कुडाळ, कणकवलीच्या मतदारांच्या मनात काय घडलं, हा या सगळ्या इतिहासाचा गाभा आहे.

राणे यांच्यावर महाराष्ट्रात भरपूर लिहिलं गेलं. बहुतेक लिखाण मुंबईतून झालं आणि त्यात ते मातोश्री, मंत्रालय, दिल्ली या तीन ठिकाणीच वावरताना दिसतात. कोणी कोणाचा शब्द मोडला, कोणाला मुख्यमंत्रिपद मिळालं नाही, कोणत्या पत्रकार परिषदेत काय स्फोट झाला, याचीच त्यात गर्दी. ज्या मतदारसंघाने त्यांना विधानसभेत सहा वेळा पाठवलं, तो मात्र या कथांमध्ये नेपथ्यासारखा मागे उभा राहतो. या लेखनाची दिशा उलटी आहे. इथे नेता मतदारसंघाच्या बाजूने पाहायचा आहे. पक्ष तीन वेळा बदलले, चिन्हं बदलली, मतदारसंघाचं नाव आणि हद्दही बदलली. पण मत देणारी गावं तीच राहिली, आणि त्यांची स्मरणशक्ती नेत्यांच्या अंदाजापेक्षा लांब निघाली.

आधी या भूमीचा राजकीय स्वभाव लक्षात घ्यायला हवा. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा झाला. त्याआधीपासून हा टापू लोकसभेच्या राजापूर मतदारसंघात होता आणि राजापूरने देशाला दोन असे खासदार दिले की ज्यांच्या भाषणांसाठी संसद थांबून ऐकत असे. वेंगुर्ल्याचे बॅरिस्टर नाथ पै १९५७, १९६२ आणि १९६७ असे तीन वेळा निवडून आले. जानेवारी १९७१ मध्ये त्यांचं अकाली निधन झालं आणि त्या वर्षीच्या निवडणुकीत मधु दंडवते आले. दंडवते सलग पाच वेळा निवडून आले. रेल्वेमंत्री झाले, अर्थमंत्री झाले, आणि १९९१ मध्ये काँग्रेसच्या सुधीर सावंतांकडून हरले. कोकणात समाजवाद्यांची ही परंपरा साखर कारखान्यांवर किंवा सहकारी बँकांवर उभी नव्हती. तिथे कारखानेच नव्हते. शाळामास्तर, राष्ट्र सेवा दल, वाचनालयं आणि मुंबईहून येणारी वर्तमानपत्रं यांच्या बळावर ती उभी होती.

मुंबई हा शब्द इथे येतोच. सिंधुदुर्गातल्या प्रत्येक वाडीची अर्धी कहाणी लालबाग, परळ, गिरगाव, चेंबूर, भांडुप इथे घडली. घरातला कर्ता पुरुष गिरणीत, गोदीत किंवा सरकारी कचेरीत. घर, शेत आणि म्हातारी माणसं बायकांच्या हाती. पूर्वी मनीऑर्डर येई, तिच्यासोबत मुंबईची मतंही येत. १९८२ च्या गिरणी संपानंतर ही नाळ ताणली गेली, पण तुटली नाही. २००१ च्या जनगणनेत सिंधुदुर्गची लोकसंख्या ८ लाख ६८ हजार होती, २०११ मध्ये ती ८ लाख ४९ हजारांवर आली. वाढत्या महाराष्ट्रात माणसं कमी होणारा हा जिल्हा. दर हजार पुरुषांमागे इथे १,०३६ स्त्रिया मोजल्या गेल्या. मतदानाच्या रांगेत बाया जास्त दिसतात त्याचं कारण हेच.

गणपतीला चाकरमानी गावी आला की आरतीइतकीच राजकारणाची चर्चा रंगते. आणि मालवण तालुक्यात आंगणेवाडीच्या भराडी देवीची जत्रा भरली की मुंबईचे नेते आपणहून गावी येतात. या जत्रेची तारीख पंचांगात ठरलेली नसते. देवीचा कौल घेऊन ती ठरते, आणि ठरली की लाखो माणसांचा ओघ मसुऱ्याच्या वाटेने लागतो. त्या रांगेत मंत्री, आमदार, विरोधक सगळे असतात. कोण कोणाशी बोललं, कोणी तोंड फिरवलं, हे दुसऱ्या दिवशी कणकवलीच्या बाजारात सर्वांना ठाऊक झालेलं असतं.

राणे याच चाकरमानी जगातून आले. जन्म १९५२ चा, मूळ गाव कणकवली तालुक्यातलं वरवडे, वाढ मुंबईत चेंबूरची. आयकर खात्यात नोकरी आणि कोवळ्या वयापासून शिवसेनेची शाखा. शाखाप्रमुख, मग १९८५ मध्ये मुंबई महापालिकेत नगरसेवक, मग बेस्ट समितीचं अध्यक्षपद. शाखेचं काम म्हणजे नळाला पाणी नाही, रेशनकार्ड मिळत नाही, पोरगं पोलिसांनी नेलं, अशा तक्रारी रात्री उशिरापर्यंत ऐकणं आणि सकाळी त्या मार्गी लावणं. हे काम करणाऱ्याला पुस्तकी विचारसरणी लागत नाही, पण माणसं ओळखण्याची आणि लगेच निर्णय घेण्याची सवय लागते. ही सवय पुढे त्यांची ताकद ठरली. तिच्यातला आक्रमकपणाही बरोबर आला.

फेब्रुवारी १९९० ची विधानसभा निवडणूक हे कोकणच्या राजकारणातलं मोठं वळण. तोपर्यंत मुंबई-ठाण्याची समजली जाणारी शिवसेना भाजपशी युती करून राज्यभर उतरली आणि तिचे ५२ आमदार निवडून आले. त्यांत मालवणमधून राणे होते. गावातल्या जुन्या समाजवादी आणि काँग्रेसी कार्यकर्त्यांना हा मुंबईचा नगरसेवक उपरा वाटला असेल, पण मतदाराला तो उपरा वाटला नाही. ज्या घरातला मुलगा चेंबूरच्या किंवा लालबागच्या शाखेत उठबस करत होता, त्या घराला शाखेचा माणूस परका कसा वाटेल? सेना कोकणात पोस्टरवरून आली नाही, ती चाकरमान्याच्या ट्रंकेतून आली. हे समजलं की १९९० नंतर समाजवादी परंपरा एवढ्या वेगाने का ओसरली, याचं कोडं सुटतं. नाथ पैंच्या सभेला येणारा माणूस तोच होता. त्याचा मुंबईतला आधार बदलला होता.

१९९५ मध्ये युतीचं सरकार आलं. सेनेचे ७३ आणि भाजपचे ६५ आमदार, मुख्यमंत्री मनोहर जोशी. मालवणमधून दुसऱ्यांदा निवडून आलेले राणे मंत्री झाले आणि पुढे महसूल खात्यासारखं वजनदार खातं त्यांच्याकडे आलं. कोकणातल्या माणसासाठी महसूल खातं ही कागदावरची गोष्ट नाही. इथल्या जमिनी वाटण्या होऊन होऊन गुंठ्यागुंठ्यांत विभागलेल्या, सातबाऱ्यावर मुंबईला गेलेल्या वीस-वीस वारसांची नावं, कुळांचे आणि आकारीपड जमिनींचे तिढे पिढ्यान्‌पिढ्या पडून. अशा जिल्ह्याचा आमदार महसूलमंत्री होणं याचं गावात फार अप्रूप होतं.

त्याच काळात १९९७ मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला आणि जानेवारी १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. रेल्वेचं स्वप्न दंडवत्यांच्या पिढीचं, तिच्या उभारणीचं श्रेय ई. श्रीधरन आणि त्यांच्या माणसांचं. पण ती रुळांवर आली तेव्हा सत्तेत कोकणचा मराठी माणूस होता आणि मालवणच्या मनात या दोन गोष्टी एकत्र नोंदल्या गेल्या. तारकर्ली, देवबाग, चिवला बीच यांची नावं पुण्या-मुंबईच्या पर्यटकांच्या तोंडी आली ती या पंचवीस वर्षांत. घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांना देणं, आईच्या हातचं माशाचं जेवण वाढणं, यावर आज मालवणची शेकडो घरं चालतात. या बदलाचा हिशेब मांडताना राणे यांचं नाव वगळता येत नाही, हे त्यांच्या विरोधकांनीही मान्य करावं.

पुण्यातल्या एका भूखंडाच्या प्रकरणावरून मनोहर जोशींना पद सोडावं लागलं आणि १ फेब्रुवारी १९९९ रोजी राणे मुख्यमंत्री झाले. हा काळ साडेआठ महिन्यांचा. लोकसभेबरोबर विधानसभेची निवडणूक मुदतीआधी घेण्याचा निर्णय झाला आणि सप्टेंबर १९९९ मध्ये मतदान झालं. राणे मालवणमधून तिसऱ्यांदा जिंकले, पण सेनेच्या ६९ आणि भाजपच्या ५६ जागांवर सरकार बनेना. काँग्रेस आणि नव्या राष्ट्रवादी काँग्रेसने हात मिळवले, विलासराव देशमुख मुख्यमंत्री झाले. राणे विरोधी पक्षनेते झाले आणि सहा वर्षं त्या खुर्चीवर राहिले. जून २००२ मध्ये विलासरावांचं सरकार पडतं की काय अशी वेळ आली, आमदारांची पळवापळवी झाली, विश्वासदर्शक ठराव जिंकून सरकार तरलं. त्या प्रयत्नाचे सूत्रधार राणे होते. विरोधी पक्षनेता म्हणून त्यांची अर्थसंकल्पावरची भाषणं तयारीची असत आणि आकड्यांवर पकड असे. आक्रस्ताळा नेता ही त्यांची रंगवलेली प्रतिमा त्या भाषणांना न्याय देत नाही.

२००४ मध्ये चौथा विजय. पण पक्षात हवा बदलली होती. जानेवारी २००३ मध्ये महाबळेश्वरच्या अधिवेशनात उद्धव ठाकरे कार्याध्यक्ष झाले होते आणि राणे यांना ते नेतृत्व मान्य नव्हतं. पक्षात पदांचा बाजार मांडला जातो असा जाहीर आरोप त्यांनी केला. जुलै २००५ मध्ये त्यांची शिवसेनेतून हकालपट्टी झाली, ते काँग्रेसमध्ये गेले, विलासराव देशमुखांच्याच मंत्रिमंडळात महसूलमंत्री झाले आणि आमदारकीचा राजीनामा देऊन पुन्हा मालवणच्या मतदाराकडे आले.

२००५ ची पोटनिवडणूक हे या कारकिर्दीचं शिखर. पंधरा वर्षं ज्या माणसाने धनुष्यबाण घरोघरी नेला, तोच आता हाताच्या पंजाला मत मागत होता. पक्षांतर केलेल्या आमदाराला परत निवडून येताना घाम फुटतो हा महाराष्ट्राचा अनुभव. छगन भुजबळ १९९१ मध्ये सेना सोडून गेले तेव्हा १९९५ ला माझगावात त्यांना सेनेनेच हरवलं होतं, ही आठवण ताजी होती. मालवणात सेनेने परशुराम उपरकर यांना उभं केलं आणि पक्षाची सगळी ताकद कोकणात उतरली. मोठ्या पोलीस बंदोबस्तात मतदान झालं. निकाल लागला तेव्हा राणे साठ हजारांहून अधिक मतांनी पुढे होते. एकूण वैध मतांच्या एकषष्ठांश मतंही न मिळाल्याने उपरकरांची अनामत गेली. त्या निकालाचा धक्का दादरपर्यंत पोहोचला. त्याच महिन्याच्या अखेरीस राज ठाकरे यांनीही पक्षातल्या पदांचा राजीनामा दिला.

गावोगावच्या सेनेच्या शाखा एका रात्रीत काँग्रेसच्या कचेऱ्या झाल्या. सरपंच, पंचायत समिती सदस्य, जिल्हा परिषद, जिल्हा बँक सगळं त्यांच्या मागून गेलं. मालवणच्या मतदाराने त्या नोव्हेंबरमध्ये सांगितलं की चिन्ह कोणाचंही असो, संबंध या माणसाशी आहे. अडलेल्याचं काम करणारा, मुंबईत गेल्यावर दार उघडणारा, इस्पितळाचं बिल भरणारा ‘दादा’ त्यांना हवा होता. पण अशा मताला एक अट जोडलेली असते, आणि ती अट त्या विजयाच्या गुलालात कोणाला दिसली नाही. जो माणसाशी संबंध जोडून मत देतो, तो संबंध दुखावला की पक्षाचा आडोसा घेऊन थांबत नाही. पक्षाची भिंत मधे असती तर राग पक्षावर निघाला असता. इथे राग थेट माणसावर निघणार होता.

पुढची चार वर्षं जोरात गेली. डिसेंबर २००८ मध्ये मुंबईवरच्या हल्ल्यानंतर विलासराव गेले आणि अशोक चव्हाण आले तेव्हा, मुख्यमंत्रिपदाचा शब्द पाळला नाही म्हणून राणे यांनी काँग्रेस श्रेष्ठींवरच तोफ डागली. निलंबन झालं, काही आठवड्यांत ते मागे घेतलं गेलं, उद्योग खातं मिळालं. मे २००९ मध्ये थोरले चिरंजीव निलेश यांनी लोकसभेला सुरेश प्रभूंना हरवलं. रेल्वे, वीज, नद्या यांचा सखोल अभ्यास असलेला, चार वेळा निवडून आलेला खासदार राणेंच्या यंत्रणेपुढे टिकला नाही.

आणि २००९ मध्येच मतदारसंघ बदलला. पुनर्रचनेचं काम २००१ च्या लोकसंख्येवर झालं. राज्याच्या २८८ जागा तेवढ्याच राहिल्या, पण माणसं जिथे वाढली त्या ठाणे आणि पुण्याकडे जागा सरकल्या आणि कोकणाच्या कमी झाल्या. सिंधुदुर्गच्या चार जागांच्या तीन झाल्या: कणकवली, कुडाळ, सावंतवाडी. मालवण हे नाव विधानसभेच्या यादीतून पुसलं गेलं. जुन्या मालवण मतदारसंघात कणकवलीचा मोठा भाग येई. आता कणकवली, देवगड आणि वैभववाडी एकीकडे गेले, मालवण आणि कुडाळ दुसरीकडे. राणे यांचं वरवडे गाव कणकवलीत राहिलं, आणि ते स्वतः कुडाळमधून उभे राहिले. जिंकलेही, शिवसेनेच्या वैभव नाईकांचा सुमारे २४ हजार मतांनी पराभव करून. पण त्याच दिवशी कणकवलीत त्यांच्या गटाच्या रवींद्र फाटकांना भाजपच्या प्रमोद जठारांनी ३४ मतांनी हरवलं. चौतीस! राणे यांच्या अंगणातली ही जागा हातातून निसटली, तरी त्या निकालाकडे योगायोग म्हणून पाहिलं गेलं. तो इशारा होता.

किनाऱ्यावर त्या वर्षांत दोन गोष्टी धुमसत होत्या. पहिली मासळीची. मालवणच्या दांडी, देवबाग, तळाशील, सर्जेकोट या वाड्यांतले गाबीत मच्छीमार पिढ्यान्‌पिढ्या रापण ओढतात. किनाऱ्यापासून जाळं अर्धवर्तुळात टाकायचं आणि दोन्ही टोकांनी माणसांनी मिळून ते ओढायचं, मिळेल त्याचे वाटे करायचे. पर्ससीन आणि मिनी पर्ससीनच्या यांत्रिक नौका आल्या, किनाऱ्यालगतचे थवेच्या थवे एका वेढ्यात उचलू लागल्या आणि रापणीच्या हाती रिकामं जाळं येऊ लागलं. समुद्रात संघर्ष झाले, बंदरात मोर्चे निघाले. आपला माणूस मंत्रिमंडळात असूनही आपल्याला वाली नाही, ही भावना वाड्यांत घट्ट होत गेली. पर्ससीनवर निर्बंध आणणारी राज्य सरकारची अधिसूचना निघाली ती फेब्रुवारी २०१६ मध्ये. तोवर निवडणूक होऊन गेली होती.

दुसरी गोष्ट सी-वर्ल्डची. तोंडवळी आणि वायंगणी परिसरात मोठा सागरी पर्यटन प्रकल्प उभारण्याची योजना आली. राणे यांनी तो विकास म्हणून मांडला, आणि त्यात रोजगाराची त्यांची तळमळ खरी होती. गावकऱ्यांनी मात्र आपल्या बागा, देवळं आणि सडे जाण्याच्या भीतीने विरोध केला. मालवणला अशी भीती नवी नव्हती. १९८७ मध्ये इथे सागरी अभयारण्य जाहीर झालं तेव्हापासून, वरून ठरवलेली कोणतीही रेषा आपल्या समुद्रावर किंवा जमिनीवर ओढली जाते हे ऐकलं की गाव सावध होतो. पर्यटन मालवणला हवं आहे. पण ते त्याच्या स्वतःच्या पडवीत हवं आहे. हा फरक मंत्रालयातून दिसला नाही.

तिसरी गोष्ट बोलली जाई ती दबक्या आवाजात. सिंधुदुर्गच्या निवडणुका शांत राहिलेल्या नाहीत. मारहाणी, जाळपोळ, गुन्हे यांनी त्या अनेकदा काळवंडल्या. २०१४ मध्ये सावंतवाडीचे दीपक केसरकर यांनी ‘दहशतवाद’ हा शब्द उघड वापरून राणेंविरुद्ध भूमिका घेतली, राष्ट्रवादी सोडली आणि शिवसेनेत गेले. राणे यांनी हा आरोप कधीच मान्य केला नाही. पण पडवीत बसून बोलायची ती गोष्ट व्यासपीठावर आली आणि तिथून प्रचारात पसरली.

मे २०१४ मध्ये विनायक राऊत यांनी निलेश राणे यांचा सुमारे दीड लाख मतांनी पराभव केला. राणे यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला, मागे घेतला, काँग्रेसच्या विधानसभा प्रचाराची धुरा घेतली. त्या वर्षी मराठा आरक्षणाचा अहवालही त्यांच्याच समितीने दिला होता आणि त्यावर आधारलेलं १६ टक्के आरक्षण सरकारने जाहीर केलं. राज्यभर त्यांचं नाव होतं. ऑक्टोबरमध्ये चारही मोठे पक्ष स्वतंत्र लढले आणि कुडाळमध्ये वैभव नाईक जिंकले. २००९ ला ज्याला २४ हजारांनी हरवलं, त्याच्याकडून १० हजारांनी पराभव. त्याच दिवशी कणकवलीत धाकटे चिरंजीव नितेश काँग्रेसच्या चिन्हावर पंचवीस हजारांहून अधिक मतांनी निवडून आले. हे दोन निकाल शेजारी ठेवून पाहायला हवेत. मोदींच्या लाटेने राणे पडले असं म्हणणाऱ्याला कणकवलीचं उत्तर देता येत नाही. लाट जिल्हाभर सारखीच होती. किनाऱ्याचा हिशेब वेगळा होता.

सहा महिन्यांत, एप्रिल २०१५ मध्ये, ते वांद्रे पूर्वच्या पोटनिवडणुकीत उतरले. मातोश्री याच मतदारसंघात. शिवसेनेच्या तृप्ती सावंत १९ हजारांवर मतांनी जिंकल्या. हा निर्णय राजकीयदृष्ट्या चुकीचा होता. कुडाळमध्ये हरल्यावर तिथेच बसून वाडीवाडीतली दुखणी ऐकण्याची ती वेळ होती.

पुढचे टप्पे झपाट्याने येतात. २०१६ मध्ये काँग्रेसतर्फे विधान परिषद, सप्टेंबर २०१७ मध्ये काँग्रेसला रामराम, ऑक्टोबरमध्ये महाराष्ट्र स्वाभिमान पक्षाची स्थापना, २०१८ मध्ये भाजपच्या पाठिंब्याने राज्यसभा. २०१९ मध्ये लोकसभेला निलेश पुन्हा राऊतांकडून हरले. त्या ऑक्टोबरमध्ये स्वाभिमान पक्ष कणकवलीत देवेंद्र फडणवीसांच्या उपस्थितीत भाजपमध्ये विलीन झाला. नितेश भाजपचे आमदार झाले. त्यांच्याविरुद्ध शिवसेनेने उभे केलेले सतीश सावंत हे राणेंचेच अनेक वर्षांचे सहकारी होते. कुडाळमध्ये वैभव नाईक दुसऱ्यांदा जिंकले. जुलै २०२१ मध्ये राणे केंद्रात सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग मंत्री झाले. ऑगस्टमध्ये तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांच्याविषयीच्या एका विधानावरून त्यांना संगमेश्वर तालुक्यात अटक झाली आणि रात्री महाडच्या न्यायालयाने जामीन दिला. ९ ऑक्टोबर २०२१ रोजी चिपी विमानतळाच्या उद्घाटनाला तेच मुख्यमंत्री आणि तेच केंद्रीय मंत्री एका व्यासपीठावर बसले. वेंगुर्ला तालुक्यातल्या त्या माळरानावर जमलेल्या माणसांना विमानापेक्षा त्या दोघांच्या बोलण्याची उत्सुकता जास्त होती.

या कारकिर्दीची तुलना दोन शेजाऱ्यांशी करण्याजोगी आहे. सांगोल्याचे गणपतराव देशमुख शेतकरी कामगार पक्षातून ११ वेळा आमदार झाले, १९७२ आणि १९९५ मध्ये हरले, १९९५ ला तर फक्त १९२ मतांनी, पण पक्ष सोडला नाही. सीमेपलीकडे गोव्यात सत्तरीचे प्रतापसिंग राणे १९७२ मध्ये महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षातून निवडून आले, नंतर काँग्रेसमध्ये गेले आणि पन्नास वर्षं एकदाही हरले नाहीत. एकाने पक्षाशी नातं टिकवलं, दुसऱ्याने आपल्या मुलखाशी. नारायण राणे यांना दोन्ही नाती तुटताना पाहावी लागली, आणि तरीही ते परत आले. निवडणुकांच्या अभ्यासकाला यांतलं तिसरं उदाहरण अधिक शिकवतं, कारण हरलेल्या जागी माणूस परत कसा येतो हे त्यात दिसतं.

परत येण्याचं साल २०२४. त्याआधी शिवसेना फुटली, धनुष्यबाण एकनाथ शिंदे यांच्याकडे गेला, वैभव नाईक उद्धव ठाकरेंबरोबर राहिले आणि केसरकर शिंदेंबरोबर, म्हणजे आता राणेंच्याच बाजूला. लोकसभेला वयाच्या बहात्तराव्या वर्षी राणे पहिल्यांदाच उभे राहिले आणि राऊतांना ४७ हजार ८५८ मतांनी हरवलं. रत्नागिरीकडच्या विभागांत राऊत पुढे होते. सिंधुदुर्गच्या तिन्ही विभागांनी राणेंना तारलं, त्यात कुडाळही होतं. दहा वर्षांपूर्वी ज्याने पाडलं त्याच मतदारसंघाने आता आघाडी दिली.

त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, २६ ऑगस्टला, मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा शिवाजी महाराजांचा पुतळा कोसळला. डिसेंबर २०२३ मध्ये नौदल दिनी पंतप्रधानांच्या हस्ते त्याचं अनावरण झालं होतं, वर्षही पुरं झालं नव्हतं. सिंधुदुर्ग किल्ल्याची पायाभरणी १६६४ मधली, साडेतीन शतकांच्या लाटा खाऊन तट उभा आहे, आणि समोरच्या किनाऱ्यावर हा पुतळा नऊ महिनेही टिकला नाही. मालवणच्या माणसाला ते मनापासून लागलं. दोन दिवसांनी तिथे राणे आणि आदित्य ठाकरे यांचे समर्थक आमनेसामने आले, धक्काबुक्की झाली. ज्या ठिकाणी दोन्ही बाजूंनी मान खाली घालून उभं राहायचं, तिथे घोषणा झाल्या. हे वेदनादायक होतं.

नोव्हेंबरच्या विधानसभेला निलेश राणे कुडाळमधून शिंदे यांच्या शिवसेनेतर्फे उभे राहिले. १९९० ला वडिलांच्या हाती असलेला धनुष्यबाण चौतीस वर्षांनी थोरल्या मुलाच्या हाती आला. वैभव नाईक ८ हजार १७६ मतांनी हरले. कणकवलीतून नितेश तिसऱ्यांदा जिंकले. एका घरात एक खासदार आणि दोन आमदार, तेही दोन वेगळ्या पक्षांचे. पण कुडाळचा आकडा लहान आहे, आणि नाईकांना मिळालेली ७३ हजारांवर मतं ही त्या मतदारसंघातली दुसरी बाजू किती भक्कम आहे हे सांगतात. लोकसभेची आघाडी आणि विधानसभेचं मताधिक्य यांत पाच-सहा महिन्यांत पडलेला फरक पुढच्या प्रकरणांत केंद्रवार आकड्यांनिशी तपासायचा आहे. नमुना २० मध्ये प्रत्येक मतदान केंद्राची मतं नोंदलेली असतात, आणि किनाऱ्यावरची केंद्रं व कुडाळच्या आतल्या गावांतली केंद्रं वेगळी काढून वाचली तरच या जिल्ह्याचं राजकारण समजतं.

डिसेंबर २०२४ मध्ये नितेश राणे यांच्याकडे मत्स्यव्यवसाय आणि बंदरे ही खाती आली. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. मिनी पर्ससीन आणि एलईडी दिव्यांच्या बेकायदा मासेमारीच्या तक्रारी दांडी आणि देवबागचे मच्छीमार आता ज्या मंत्र्याकडे घेऊन जातात, त्याच्या वडिलांना याच वाड्यांच्या नाराजीने २०१४ मध्ये मोठी किंमत मोजायला लावली होती. पुढच्या पानांतला क्रम निवडणुकांचा आहे: १९९० पासून २०२४ पर्यंत, प्रत्येक वेळी आधी गावं, मग उमेदवार, मग निकाल.